तिन्हीसांजेची दुर्बीण: प्रकल्प नोंदी, २०२४

१८ ऑगस्ट, रविवार

नवी वही, नवं काम. नोव्हेंबरच्या हरणांच्या सीझनसाठी दुर्बीण घ्यायची आहे. खर्चाची मर्यादा पट्ट्यासकट तीनशे डॉलर. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निवड झाली पाहिजे, म्हणजे सरावाला महिनाभर मिळेल.

विस्कॉन्सिनमध्ये येऊन बावीस वर्षं झाली. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथला नऊ दिवसांचा गन डिअर सीझन सुरू होतो आणि आमचं माउंट होरेब पहाटे चारला जागं होतं. पेट्रोलपंपावर, कॉफीच्या रांगेत, जिथे बघावं तिथे नारिंगी जाकिटं. इतकी वर्षं मी हे खिडकीतून पाहत आलो. या वर्षी शेजाऱ्याने सोबत येण्याविषयी विचारलं. सत्तरी ओलांडलेला दूधवाला शेतकरी आहे, पलीकडच्या आयोवा काउंटीत त्याच्या भावाची टेकड्यांची जमीन आहे. मी हो म्हटलं. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय इथे शिकारीचं लायसन्स काढता येत नाही. माझा जन्म १९७५ चा, म्हणून कोर्सला नाव घातलं.

संध्याकाळी अण्णांना साताऱ्याला फोन केला. आधी ते गप्पच झाले. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं, हे आमच्या घरात सगळ्यांचं मत. इथली परिस्थिती वेगळी आहे, हे त्यांना सावकाश सांगितलं. हरणं उदंड आहेत, कोणत्या काउंटीत किती मारायची हे सरकार ठरवतं, आणि मारलेलं हरीण खायचं असतं. ऐकून घेतलं. मग दुर्बिणीचा विषय निघाला तसा आवाज खुलला. "किती लांबचं दिसतं रे त्यातून?"

उत्तर देता आलं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

आठवडाभर आकडे समजून घेतले. कारखान्यात माझं काम तपासणीचं, त्यामुळे मोजता येईल तेवढ्यावर आधी विश्वास बसतो.

दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं. आठ म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. माझी नजर मात्र या दोघांच्या भागाकारावर खिळली. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. डोळ्याच्या बाजूने बाहेर पडणारी उजेडाची चकती इतक्या मिलिमीटरची असते. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की मागच्या काचेत ती गोल चकती तरंगताना दिसते. १०×४२ मध्ये ती ४.२, ७×३५ मध्ये ५. माझ्याकडे प्रवासासाठी घेतलेली खिशातली १०×२५ आहे, तिच्यात अडीचच.

दिवसा आपली बाहुली दोन-अडीच मिलिमीटरची असते, म्हणून भर दुपारी ती खिशातली दुर्बीणही झकास वाटते. उजेड ओसरला की बाहुली पसरते. तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत जाते, वयाबरोबर हे पसरणं आटत जातं. माझ्या वयाला पाचच्या आसपास धरायला हरकत नाही. म्हणजे तिन्हीसांजेला डोळा पाच मिलिमीटरचं दार उघडून बसणार आणि अडीचची दुर्बीण त्यात अर्ध्याच रुंदीची सळई सोडणार. क्षेत्रफळाने बघितलं तर चौथाई उजेड. याच हिशेबाने ७×५० ची ७.१ ची चकती मला निम्मी वाया जाईल. तिचं ओझं कशाला वाहायचं?

विस्कॉन्सिनमध्ये हरणावर गोळी झाडण्याची वेळ सूर्योदयाआधी तीस मिनिटांपासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत. हरणं रानातून बाहेर पडतात ती नेमकी या दोन टोकांना. म्हणजे दुर्बिणीची खरी परीक्षा झुंजूमुंजूला आणि दिवेलागणीला आहे.

१ सप्टेंबर, रविवार

चुकीचा खर्च. नोंद करणं भाग आहे.

जाहिरात बघून एकाची वापरलेली महागडी १०×४२ एकशेवीस डॉलरला घेतली. काच स्वच्छ, रबर शाबूत, त्याच्या पार्किंगमध्ये दोन मिनिटं पाहिलं तर ठीक वाटलं. घरी अर्धा तास पाहिल्यावर भुवईच्या मागे ठणका सुरू झाला. समोरच्या विजेच्या तारेवर नेम धरला आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब नेत गेलो, तेव्हा एकाच्या दोन तारा झाल्या, एक वर, एक खाली. दोन्ही नळ्यांचे आस जुळत नव्हते. कधीतरी पडली असणार. असा दोष डोळे थोडा वेळ ओढून-ताणून सांभाळून घेतात, म्हणून दोन मिनिटांत कळत नाही.

माणूस भला निघाला, ऐंशी परत दिले. चाळीस गेले. मर्यादा आता दोनशेसाठ.

वापरलेली दुर्बीण घ्यायची तर आडवी सरळ रेघ शोधायची, तार, कौलांची कड, काहीही. आणि निदान वीस मिनिटं डोळ्याला लावून बसायचं.

१४ सप्टेंबर, शनिवार

कोर्सचा मैदानातला दिवस. आजच धनुष्यबाणाचा सीझनही सुरू झाला, त्यामुळे शिकवणाऱ्यांतले दोघे पहाटे रानात जाऊन मगच आले होते.

इथे चार नियमांचं एक सूत्र घोकून घेतात, टॅब-के. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला ठेवा. निशाण काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवा.

तिसऱ्या नियमापाशी बाईंनी थांबून आमच्यातल्या एका पोराला विचारलं, की झुडपात काहीतरी हललं तर तू काय करशील? तो म्हणाला, स्कोपमधून बघेन. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत. मग शांतपणे म्हणाल्या की स्कोप बंदुकीवर बसवलेला असतो. स्कोपमधून जे जे बघशील त्या प्रत्येकावर तू भरलेली बंदूक रोखलेली असेल. तिथे माणूस असला तर?

मी दुर्बीण घेत होतो ती हरीण लवकर दिसावं म्हणून. आज कळलं की ती कशासाठी घ्यायची. बंदूक खाली ठेवून ओळख पटवता यावी, यासाठी.

ओळखीतही बारकावे आहेत. इथे कायद्याने नर म्हणजे निदान एक शिंग तीन इंच किंवा त्याहून लांब असलेला. त्याहून कमी असेल तर ते बिनशिंगी धरतात आणि त्याला वेगळा टॅग, म्हणजे परवानगीची चिठ्ठी, लागतो. तीन इंच म्हणजे माझ्या अनामिकेएवढं. शंभर यार्डांवरून, काळपट सालीच्या ओकसमोर, दिवेलागणीला ते दिसलं पाहिजे. प्रकल्पाला अखेर एक मोजमाप सापडलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

दुकान. दुर्बिणी काचेच्या पेटीत, वर पांढरे झगझगीत दिवे. त्या उजेडात सगळ्याच सुंदर दिसतात. विक्रेत्याला विचारून एकेक दाराबाहेर नेली, इमारतीच्या सावलीतल्या कचरापेटीवरची बारीक अक्षरं वाचली. तिथे स्वस्तातल्या दोन गळाल्या, कडेची अक्षरं भरडलेली दिसत होती.

माझा चष्मा जाड आहे, त्यामुळे आणखी एक आकडा महत्त्वाचा. डोळा मागच्या काचेपासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, तो. इथे त्याला आय रिलीफ म्हणतात. चष्मेवाल्याला पंधरा मिलिमीटरच्या खाली जाऊ नये असं सांगतात. माझा अनुभव सतराला सुख वाटतं असा आहे. कमी असेल तर चित्र किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं आक्रसतं. डोळ्याकडच्या रबरी कड्या चष्मेवाल्याने पूर्ण आत फिरवायच्या, हेही कोणी सांगत नाही. बाहेर ओढलेल्या कड्यांनिशी बघून माणसं दुर्बिणीला नावं ठेवतात.

चार उमेदवार:

व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी, ८×४२ आणि १०×४२. आठच्या पटीला आय रिलीफ १७, दहाच्याला १५. हजार यार्डांवर अनुक्रमे ३९३ आणि ३३० फूट रुंदीचा पट्टा दिसतो. वजन सहाशे ग्रॅमच्या जरा वर. ही कंपनी आमच्या शेजारच्या बार्नवेल्डची, हायवेवरून जाताना तिची इमारत दिसते. हमी आयुष्यभराची, पावतीही मागत नाहीत, दुर्बीण दुसऱ्याला दिली तर हमी तिच्याबरोबर जाते. शेजाऱ्याचं मत विचारायची गरजच नाही, त्याच्या छातीवर हीच असते.

निकॉन मोनार्क एम५, ८×४२. आय रिलीफ साडेएकोणीस, चष्मेवाल्यासाठी पर्वणी. पट्टा ३३५ फूट, ६३० ग्रॅम.

निकॉन ॲक्शन ईएक्स, ८×४०. जुन्या घाटाची, खांदे पसरलेली. आय रिलीफ १७.२, पट्टा ४३० फूट, पाणी आत जात नाही. पण ८५५ ग्रॅम.

पहिल्या तीन अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान, शेवटची १६० च्या घरात. परत करायची मुदत तीस दिवस आहे याची दोनदा खात्री करून चारही घरी आणल्या. बायकोने टेबलावरची रांग बघून फक्त एवढंच विचारलं की तीन परत जाणार आहेत ना.

२८ सप्टेंबर, शनिवार

चाचणीची तयारी. प्लायवूडची हरणाची तीन डोकी कापली, तपकिरी रंगवली. एकाला दोन इंचाची शिंगं, एकाला तीन, एकाला चार, सुक्या फांदीची. व्हाइटटेल हरणाचा कान सहा-सात इंच भरतो, तो मापाने कापला, कारण रानात शिंग मोजायला कानाचीच फूटपट्टी असते. अर्ध्या कानाहून आखूड शिंग असेल तर सावध व्हायचं.

लेकीला कामात घेतलं. ती अकरा वर्षांची आहे आणि शिकारीला तिचा विरोध आहे, तो तिने स्पष्ट सांगितला. पण डोकी कोणत्या क्रमाने टांगली हे बाबाला कळू द्यायचं नाही, ही कामगिरी तिला आवडली.

५ ऑक्टोबर, शनिवार

मुख्य चाचणी. शेजाऱ्याच्या गवताच्या शेताच्या टोकाला ओकची रांग, तिच्यावर डोकी, मी शंभर यार्डांवर घडीच्या खुर्चीत. आम्ही सगळे नारिंगी बंड्या घालून, कारण धनुर्धारी रानात आहेत. सूर्यास्त ६:३३. आभाळ स्वच्छ. लेक दर पाच मिनिटांनी क्रम बदलायची आणि शेजारी तिच्यापाशी उभा राहून फोनवर माझी उत्तरं तपासायचा.

साडेसहाला सगळ्या दुर्बिणींनी तिन्ही डोकी ओळखली, खिशातल्या १०×२५ नेसुद्धा. इथे थांबलो असतो तर तीच सगळ्यांत चांगली ठरली असती, हलकी आणि घरात आधीच असलेली.

६:४४ ला खिशातलीने मान टाकली. शिंगं आणि साल एक झाली. कायद्याने अजून नऊ मिनिटं बाकी होती. ती नऊ मिनिटं मी अंदाजाने काढली असती. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

६:५३ ला, म्हणजे सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी, मोठ्या चारही दुर्बिणी तीन आणि दोन इंचातला फरक सांगत होत्या. १०×४२ ने ६:५७ पर्यंत साथ दिली. दोन्ही ८×४२ सात वाजेपर्यंत. आणि ती जुन्या घाटाची ८×४० सहा एकोणसाठपर्यंत. एक-दोन मिनिटांच्या फरकाला मी किंमत देत नाही, तेवढा डोळ्याचा थकवाच असतो. पण १६० डॉलरची दुर्बीण अडीचशे-तीनशेच्या दुर्बिणींच्या मांडीला मांडी लावून बसली. हे मात्र पुन्हा तपासायला हवं.

६ ऑक्टोबर, रविवार

परत तेच, आज ढग. सगळ्यांची वेळ पाच-सहा मिनिटांनी अलीकडे आली, क्रम तोच.

मग असं का, यावर रात्री बसलो. भिंगांतून आलेलं चित्र उलटं असतं, ते सुलट करायला आत लोलक लागतात. खांदेवाल्या दुर्बिणीतले लोलक इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाचे, पेटंट १८५४ चं. त्यांच्यात उजेड काचेच्या आतल्या बाजूवर आपटून पूर्णच्या पूर्ण परततो, आरशाची गरज पडत नाही. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत छपराच्या आकाराचे लोलक असतात. त्यांच्यातल्या एका पृष्ठावरून उजेड पुरता परतत नाही, म्हणून तिथे आरशासारखा लेप चढवावा लागतो. शिवाय छपराच्या दोन उतारांवरून आलेले किरण एकमेकांशी थोडे विसंवादी होतात आणि चित्राची धार जाते. त्यावर दुसरा लेप लागतो, तो झाइसने १९८८ मध्ये आणला. डायमंडबॅक आणि मोनार्क दोन्हींत हे दोन्ही लेप आहेत, म्हणूनच त्या इतक्या चांगल्या आहेत. पण त्यांच्या किमतीतला मोठा भाग आकार आटोपशीर ठेवण्यासाठी खर्च झालेला असतो. खांदेवालीला तो खर्चच नाही.

भिंगावरचा लेप मात्र सगळ्यांनाच हवा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर चार टक्के उजेड परत फिरतो, आणि दुर्बिणीत अशी दहा-पंधरा पृष्ठं असतात. सगळ्या पृष्ठांवर अनेक थरांचा लेप आहे, एवढं वाक्य खोक्यावर शोधायचं. 'एचडी' या अक्षरांना ठरलेला अर्थ नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

कामावरून येऊन हातांची चाचणी. दहाच्या पटीला माझ्या हाताचा कंप नजरेत येतो. कोपर गुडघ्यावर टेकवलं की थांबतो, पण मचाणावर कायम टेकायला मिळेलच असं नाही. शेजारी कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातो तेव्हा दहाची तिवईवर लावतो, तिथे मैलभर उघडा डोंगर समोर असतो. आमचं रान तसं नाही. हा सगळा भाग हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटलेला, म्हणून घड्या-घड्यांच्या टेकड्या, अरुंद घळी, ओक आणि हिकरीची दाटी. शंभर-सव्वाशे यार्डांपलीकडे क्वचितच दिसतं. इथे दहाची पट जास्त आणि रुंदी कमी, हा उलटा सौदा आहे. १०×४२ बाद.

जाड हातमोजे घालून फोकसचं चाक फिरवलं. खांदेवालीचं चाक मोठं, बोटाला लगेच सापडतं. सगळ्या दुर्बिणी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या (बायकोच्या परवानगीने, मटाराच्या पिशव्या हलवून). गारठ्यात सगळ्यांचीच चाकं जरा जड झाली, अडलं कोणाचंच नाही.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत दिसली नव्हती. खांदेवालीची पुढची भिंगं आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे खोली ठळक दिसते. अंगणामागच्या झुडपात सशाला बघत होतो. सरळ नळ्यांतून फांद्या आणि ससा एका पडद्यावर होते. खांदेवालीतून फांद्या पुढे आल्या, ससा मागे गेला, आणि मधली मोकळी जागा दिसली. दाट रानात याला मी फार किंमत देतो.

१२ ऑक्टोबर, दसरा

निवड झाली. निकॉन ॲक्शन ईएक्स, ८×४०.

दिवसभर टेकड्या चढायच्या असत्या तर डायमंडबॅक ८×४२ घेतली असती, चष्म्याला आणखी जागा लागली असती तर मोनार्क. दोन्ही परत करताना जीव थोडा अडकला. पण मी मचाणावर बसणार आहे. बसलेल्या माणसाला सव्वादोनशे ग्रॅम जास्त झाले तर काय होतं? आणि वाचलेल्या पैशांत छातीवरचा चार पट्ट्यांचा हार्नेस येतो, म्हणजे मानेवर भारच नाही.

शेजारी काही बोलेल असं वाटलं होतं. त्याने हातात घेतली, वजन तोललं, आणि म्हणाला की माझ्या बापाची अशीच होती. मग बराच वेळ शेताकडे बघत राहिला.

सकाळी पूजेत दरवर्षीप्रमाणे माझे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर मांडले. त्यांच्याशेजारी दुर्बीण ठेवली, हळदकुंकू काचेला लागू न देता. लेकीने आपट्याची पानं म्हणून अंगणातलं जे सापडलं ते वाटलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सरावाला म्हणून संध्याकाळी टेकडीवर गेलो आणि पश्चिमेला शुक्राच्या उजवीकडे वर धूमकेतू सापडला, त्सुचिनशान-ॲटलस. बारा तारखेला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळून गेला होता. नुसत्या डोळ्यांना फिकट रेघ, दुर्बिणीत शेपटी पार वरपर्यंत. आठच्या पटीला हात स्थिर राहिला. लेकीला धावत जाऊन आणलं. तिने पंधरा मिनिटं दुर्बीण सोडली नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं मागे गेली, आता पावणेपाचलाच दिवे लागतात. दिवाळीच्या पाहुण्यांतून आज सवड मिळाली.

दोन डोळ्यांतला फरक जुळवण्याचं काम शांतपणे केलं. उजवं भिंग झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस, मग डावं झाकून उजव्या डोळ्याजवळच्या कडीवर. कडीच्या जागेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, अंधारात सरकली तरी जागेवर आणता येईल. बहुतेकांच्या दुर्बिणी बिघडलेल्या नसतात, एवढं जुळवणंच राहून गेलेलं असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम मचाणावर. उबदार गाडीतून थेट थंडीत काढली तर काचेवर काही होत नाही, पण थंडीतून उबेत नेली की बाहेरून धुकं धरतं. आत नायट्रोजन भरलेला असल्याने आतली काच स्वच्छ राहते. श्वास मात्र चष्म्यावर येतो, म्हणून मफलर नाकाखाली. दुर्बीण रात्री गाडीतच ठेवायची.

२३ नोव्हेंबर, शनिवार. पहिला दिवस

पावणेसहाला मचाणावर. शेजाऱ्याची .२४३ रायफल, बोल्ट (गोळी आत सरकवायचा दांडा) उघडा. तो चारशे यार्डांवर दुसऱ्या घळीत. साडेसहाच्या आधी गोळ्या भरायच्या नाहीत असं आमचं ठरलेलं.

दिवसभरात: खारी, दोन टर्की, दूरवरच्या गोळ्यांचे आवाज, एक शिकारी सीमेच्या कुंपणाकडेने गेला. त्याची नारिंगी बंडी नुसत्या डोळ्यांना झाडीत दोनदा हरवली, दुर्बिणीत एकदाही नाही.

४:३८ ला समोरच्या धारेवर हरीण आलं. नव्वद-शंभर यार्ड. आभाळावर काळी आकृती, मान खाली. रायफल मांडीवरच ठेवून दुर्बीण लावली. मादी, दोन्ही कान स्वच्छ, शिंग नाही. पूर्ण आडवी उभी. वेळ कायद्यात, टॅग खिशात.

मग तिच्या पोटाखालून पलीकडे पाहिलं. धार तिथे उतरते आणि मागे माती नाही, नुसतं आभाळ. आभाळाच्या खालच्या कडेला, दरीपलीकडे, पिवळा चौकोन. खिडकी. कोणीतरी आत्ताच दिवा लावला होता. दुर्बीण काढली तर चौकोन दिसेना, हरीण मात्र दिसत होतं. पुन्हा लावली, पुन्हा खिडकी.

४:४२ ला मादी धार उतरून गेली. गोळी झाडली नाही. बोल्ट उघडला. हात गार पडले होते, थंडीने नव्हेत.

२४ नोव्हेंबर, रविवार

७:५० ला घळीच्या तळाशी तीन हरणं. सत्तर यार्ड. मागे मातीचा उंच उतार. एक पिल्लू. दुसऱ्याचं डोकं कानांमध्ये सपाट वाटलं, म्हणजे कोवळा नर असण्याची शक्यता, तो सोडला. तिसरी पूर्ण वाढलेली मादी, कपाळ गोलसर. चार मिनिटं दुर्बिणीतूनच पाहत होतो. ती पुढे येऊन एकटी झाली, मागे फक्त उतार राहिला, तेव्हा दुर्बीण छातीवर सोडली आणि रायफल उचलली.

एक गोळी. तीस पावलांत ती पडली. मी तिच्यापाशी जाऊन बसलो. शेजारी आला, त्याने टोपी काढली, थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्याने सुरी दिली आणि काय कुठे कापायचं ते दाखवलं.

दुपारी ऑनलाइन नोंदणी केली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ती करावी लागते. हरणांच्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या मेंदूच्या आजारासाठी डोकं तपासणीच्या पेटीत टाकलं. २००२ मध्ये हा रोग या राज्यात पहिल्यांदा सापडला तो आमच्याच भागात. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये, चिठ्ठी लावून, मटारांच्या वर.

८ डिसेंबर, रविवार

निकाल: रोग आढळला नाही. बायकोने सुकं केलं, काळा मसाला साताऱ्याचा. लेकीने खाल्लं नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. जेवताना तिने त्या खिडकीची गोष्ट मात्र दोनदा सांगायला लावली.

हिशेब: दुर्बीण १६० च्या घरात, हार्नेस ४०, भिंगं पुसायचा ब्रश आणि कापड १२, पहिल्या चुकीचे ४०. मर्यादेच्या आत.

पुढच्या वर्षासाठी: हार्नेसचा डावा पट्टा दोन बोटं आखूड करणे. पुढच्या भिंगांची झाकणं बांधून टाकणे, एक घळीत हरवलं. लेकीसाठी तिच्या डोळ्यांमधल्या अंतराला बसेल अशी लहान ८×३० बघणे, तिला ती पक्ष्यांसाठी हवी आहे.

जानेवारीत साताऱ्याला जातोय, दुर्बीण हातातल्या बॅगेत. अण्णांनी आज परत विचारलं, किती लांबचं दिसतं. म्हटलं, तुम्हाला कासच्या तळ्यावर नेतो. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचू आणि दिसायचं बंद होईपर्यंत थांबू. स्वेटर घ्या.